नकाशावरच्या टिकल्या

रविवार, १ मार्च

आजपासून डायरी. उद्या कुणी विचारलं की हे एवढं काम कसं उभं राहिलं, तर माझ्याकडे लेखी असावं.

ठरलं. गिरणगावातल्या फौजी घरांना एकत्र आणायचं. नायगाव, परळ, लालबाग. प्रत्येक चाळीत एखादा तरी फौजेत आहे, आणि या बिल्डिंगचं त्या बिल्डिंगला माहीत नाही. ऑफिसात मी एम्प्लॉयी एंगेजमेंट बघतो. लोअर परळच्या त्या काचेच्या इमारतीत मी अकाउंट्सवाल्यांना आणि सेल्सवाल्यांना एका दोरीवर उड्या मारायला लावल्या आहेत. सैनिकांच्या बायका त्या मानाने सोप्या.

शिवाय मी स्वतः सैनिकाचा नवरा. मेजर मनाली गमरे, सिग्नल्स. म्हणजे फौजेचे फोन, वायरलेस सगळं यांच्याकडे. तरी तिचाच फोन आठवड्यातून एकदा लागतो. गेल्या पोस्टिंगला तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा लेडीज क्लबवाल्यांनी मला बोलावून तंबोल्याचे नंबर पुकारायला बसवलं होतं. सगळ्या म्हणाल्या, किती छान पुकारता. लीडरशिप लोकांना अशीच कळते.

आईला प्लॅन सांगितला. आई म्हणाली, तुला काय करायचंय रे. बाबा महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते, त्यामुळे आईला वाटतं फौजेतलं सगळं तिलाच कळतं.

मनाली १४ एप्रिलला येते आहे. जयंतीला. अकरा महिन्यांनी. तोपर्यंत संस्था उभी पाहिजे. तिला सरप्राइज.

बुधवार, ४ मार्च

ग्रुप काढला: ‘फौजी फॅमिली गिरणगाव’. ॲडमिन मी. सह-ॲडमिन कुणी नाही, सुरुवातीला कंट्रोल एका हातात हवा.

सुभद्रा आली. लालबागची, घरगुती डबे करते, मूळची कुडाळकडची. नवरा रामू मराठा रेजिमेंटमध्ये नाईक. मला भाऊजी म्हणते. अक्षदा आली. दादरला शाळेत शिकवते, नवरा नेव्हीत. म्हणाली, आधी बघते, मग ठरवते. अशा लोकांना ऑफिसात आम्ही ‘लेट अडॉप्टर’ म्हणतो.

रविवार, ८ मार्च

पहिली मीटिंग. चाळीच्या मंडळाच्या खोलीत. कॅरमवाल्यांना दोन तास बाहेर काढलं, ते दारातच उभे राहून बघत होते.

सुरुवात थंड. सगळ्या भिंतीला टेकून, पदर आवळून. मी म्हटलं, प्रत्येकीने आपली माणसं कुठे आहेत ते सांगायचं. सगळ्यांचं उत्तर एकच: छप्पन्न एपीओ. फौजेतल्या माणसाला पत्र घालायचं तर रेजिमेंटच्या पुढे एवढंच लिहितात. माणूस बर्फात असो की वाळवंटात, पत्ता हाच. बाबांनाही आई हाच पत्ता घालायची. आता या पत्त्याने आपुलकी कशी वाटणार?

मग मला सुचलं. (हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.) परळ नाक्यावरून शाळेत लावतात तसला भारताचा मोठा नकाशा आणला, भिंतीवर ठोकला आणि म्हटलं, लावा आपली टिकली, जिथे तुमचा माणूस आहे तिथे. आधी कुणी हलेना. मग सुभद्राने कपाळावरची काढली आणि पार वर नेऊन चिकटवली. मग एकेक उठली. कुणी म्हणालं, अगं, तुझे आणि माझे शेजारीच की! कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. खोलीत पहिल्यांदा आवाज आला. मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू.

अक्षदाने लावली नाही. म्हणाली, जहाज कुठे आहे ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी लावली नसती. मी म्हटलं, समुद्रात कुठेही लाव. तिने टिकलीचं पाकीट पर्समध्ये टाकलं.

मनालीने मला गाव कधी सांगितलेलं नाही. पण मी काय दूधखुळा आहे? अक्रोड स्वस्त मिळतात म्हणाली, खालचा पूल वाहून गेला म्हणाली, समोर देवीचं देऊळ दिसतं म्हणाली. गुगलवर अर्ध्या तासात सापडलं. तिचीच मरून टिकली बरोब्बर तिथे लावली.

नकाशासमोर सगळ्यांचा फोटो. फेसबुकवर टाकला.

गुरुवार, १२ मार्च

वाटलं होतं त्यापेक्षा लवकर दखल घेतली गेली.

दुपारी ऑफिसात फोन. मेजर कपूर, रिटायर्ड. दिल्लीत फौजी कुटुंबांचं वेलफेअर बघतात. फोटो पाहिला म्हणाले. गोड बोलणं. म्हणाले, हम फाइलों में बैठे रह गए, असली काम तो आप कर रहे हैं. नंबर जरा परदेशी वाटला, पण त्यांनी स्वतःच सांगितलं की ही सिक्युअर लाइन आहे. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

आपला उपक्रम देशभर न्यायचा म्हणतात. नकाशाचा क्लोज-अप मागितला. फेसबुकवरचा नीट दिसत नाही म्हणाले, माझंच डोकं मधे आलंय. संध्याकाळी काढून पाठवला.

रविवार, १५ मार्च

मनालीचा फोन. आवाज तुटत होता. फोटो तिने पाहिला. कुणी दाखवला ते सांगेना. म्हणाली, प्रफुल्ल, आत्ताच्या आत्ता डिलीट कर. मी म्हटलं, अगं, लोकांना किती आवडलाय. ती परत म्हणाली, डिलीट कर, आणि तो नकाशा भिंतीवरून उतरव.

ती पहिल्यापासून प्रसिद्धीला लाजते.

डिलीट केला. म्हणजे फेसबुकवरून. ग्रुपवर राहू दिला, ग्रुप घरचाच आहे. नकाशा उतरवून आतल्या भिंतीवर लावला. तिथे उजेडही बरा आहे.

कपूर साहेबांना ग्रुपवर घेतलं. सह-ॲडमिन केलं. रोज सकाळी तिरंग्याबरोबर गुड मॉर्निंग पाठवतात. अशी शिस्त आपल्यात नाही.

शुक्रवार, २० मार्च

ग्रुप जोरात. कपूर साहेबांनी विचारलं, किस भाभीजी को छुट्टी की प्रॉब्लेम है? झालं, सगळ्या बोलायला लागल्या. कुणाची रजा रद्द, कुणाची पुढे ढकलली. सुभद्राने लिहिलं की रामूच्या गाड्या परवा अचानक निघाल्या, नव्या जागेला रेंज नाही, जीव टांगणीला लागलाय. साहेबांनी लगेच विचारलं, कौनसी साइड गए, भाभीजी, कितनी गाड़ियाँ थीं? किती बारकाईने काळजी घेतो हा माणूस. माझ्या एचआर हेडला माझ्या आईचं नावही माहीत नाही.

सुभद्राने सगळं सांगितलं.

आईने मागून वाचलं. म्हणाली, तुझ्या बापाला मी बावीस वर्षांत एकदा विचारलं नाही कुठे होतास. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्यात कम्युनिकेशन नव्हतं. आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

मंगळवार, २४ मार्च

मनालीचा वाढदिवस. सकाळपासून फोन लावतोय. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

सिद्धिविनायकाच्या मागच्या बेकरीतला तिचा आवडता मावा केक आणला. आई आणि मी खाल्ला. अर्धा उरला. फ्रीजमध्ये ठेवला आहे, उद्यापर्यंत टिकेल, तोवर लागेल फोन. तिची खूप आठवण येते. कम्युनिटी वगैरे सगळं ठीक आहे, पण संध्याकाळी ऑफिसातून आलं की चप्पल काढताना आधी तिचीच हाक मारतो, अजून सवय गेली नाही. लिहिलं तेवढं पुरे.

रविवार, २९ मार्च

मीटिंगमध्ये अडचण. खोली उघडली तर सुभद्राची टिकली खाली पडलेली. उकाडा, भिंतीला घाम, गोंद सुटतो, एवढंच शास्त्र आहे. पण सुभद्रा ती टिकली हातात घेऊन उभी राहिली आणि बसायलाच तयार होईना. रामूचा दहा दिवस फोन नाही. मी फेविकॉल लावून चिकटवून दिली. गडबडीत जरा पलीकडे लागली असावी, सीमेच्या. अक्षदाने ओरडून दाखवलं. काढून परत लावली.

मग सुभद्रा म्हणाली, भाऊजी, काल एकाचा फोन इलो. हिंदीत. रामूचा नाव घेतल्यान, युनिट सांगितल्यान, झिलाची शाळा सांगितल्यान. ह्या माणसाक माझ्या झिलाच्या शाळेचा नाव कसा म्हायत? आणखी दोघी म्हणाल्या, आम्हालाही आला.

मी म्हटलं, वेलफेअरवाले असतील. पर्सनल टच म्हणतात याला.

अक्षदा म्हणाली, दादा, तो कपूर कोण आहे हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का? मी म्हटलं, त्यांनाच विचारलं की. ती तिथूनच ग्रुपमधून बाहेर पडली, सगळ्यांसमोर. जाताना नकाशाचा खिळा हाताने ओढून बघत होती, निघाला नाही. मी चांगला ठोकला आहे.

बुधवार, १ एप्रिल

टीमवर्कमध्ये असा एक भांडणाचा टप्पा येतो. ‘स्टॉर्मिंग’ म्हणतात. पुस्तकात आहे.

मनालीचा फोन अजून नाही. केक टाकून दिला.

शनिवार, ४ एप्रिल

फ्लेक्स लागला! खालच्या कमानीवर, थेट रस्त्याला तोंड करून. ‘नायगावची वाघीण मेजर मनाली प्रफुल्ल गमरे यांचे १४ एप्रिल रोजी स्वगृही आगमन. हार्दिक स्वागत. सौजन्य: फौजी फॅमिली गिरणगाव.’ मनाली गणवेशात, कोपऱ्यात मी हात जोडून. माझा फोटो डिझायनरने जरा मोठा घेतला, आता काय करणार.

ग्रुपवर टाकला. कपूर साहेब भलतेच खूश. म्हणाले, आम्हीही स्टेशनवर माणूस पाठवतो, मॅडमना सन्मानाने आणायला. गाडी विचारली. तिकीट मीच काढलंय, गाडी आणि डबा दोन्ही सांगितले. मग विचारलं, स्टेशन तक कैसे आएँगी, अकेली? ते मलाही माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हटलं.

आई खाली गेली, फ्लेक्स बघितला, वर आली आणि जेवलीच नाही.

सोमवार, ६ एप्रिल, संध्याकाळी

दोघे आले होते. साधे शर्ट, बूट मात्र चकचकीत. मला वाटलं पेपरवाले. चहा सांगितला. एकाने विचारलं, नकाशा कुठाय.

अभिमानाने खोली उघडली. दोघे नकाशासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मग एकाने मरून टिकलीवर बोट ठेवून विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, मिसेसची. त्याने विचारलं, ही जागा तुम्हाला मॅडमनी सांगितली? मी म्हटलं, छे, मी स्वतः शोधली. अक्रोड, पूल, देऊळ, सगळी पद्धत समजावून सांगितली. दुसरा लिहून घेत होता. मला वाटलं, इंप्रेस झाले.

मग त्यांनी टिकल्या काढायला सुरुवात केली. नखाने, एकेक, हळूच, आणि छोट्या प्लॅस्टिकच्या पाकिटात टाकत गेले. सुभद्राची फेविकॉलमुळे निघेना. तिच्याबरोबर नकाशाचा कागदही फाटला.

माझा फोन घेऊन गेले. चहा तसाच राहिला. फ्लेक्स उतरवायला सांगितला. उद्या बोलावलं आहे, फोर्टला.

औपचारिकता असावी.

बुधवार, ८ एप्रिल

कपूर नावाचा कुणी मेजर दिल्लीत नाही. रिटायर्डही नाही. तो नंबर आता लागत नाही. तिथल्या अधिकाऱ्याने मला दोनदा विचारलं, तुम्हाला एकदाही शंका आली नाही? मी म्हटलं, तो फार आपुलकीने बोलायचा. अधिकारी पंख्याकडे बघत बसला.

मी त्यांना सुचवलं की फौजी कुटुंबांसाठी एक जनजागृती वर्कशॉप घेता येईल. मी फ्री आहे. ‘बघू’सुद्धा म्हणाले नाहीत.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ग्रुप बघितला. सगळ्या बाहेर पडल्यात. ग्रुपमध्ये एकटा मी. तरी ॲडमिन आहे.

शुक्रवार, १० एप्रिल

आईच्या फोनवर मनालीचा फोन आला. आईशी बोलली. मग मला दिला.

माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, रजा रद्द झाली. चौकशी लागली आहे. माझ्याकडचं काम काढून घेतलंय, खोलीत बसून असते. त्या नकाशामुळे एका रात्रीत सगळ्यांना जागा बदलावी लागली, नाईक रामूच्या गाड्यांना मधूनच वळवलं. थोडक्यात वाचले. मी म्हटलं, वाचले ना पण!

ती म्हणाली, बारा वर्षं मी एक नियम पाळला, प्रफुल्ल. घरीसुद्धा. तू तो अक्रोडांवरून मोडलास.

मी विचारलं, आता कुठे आहेस? तोंडातून निघूनच गेलं.

फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

रविवार, १२ एप्रिल

ऑफिसच्या एका कामासाठी गेलो होतो, लवकर परत आलो. दाराबाहेर बायकांच्या चपला. आतून आवाज, हसणं. सुभद्राचं मालवणी, अक्षदाचा शाळेतला स्वर, आणखी कोण कोण. मी आत पाऊल टाकलं आणि आवाज बंद. मग कुणीतरी म्हणालं, भाऊच्या धक्क्यावर कोळंबी महागलीय. सगळ्या कोळंबीवर बोलायला लागल्या.

म्हणजे हे रोज चालू आहे. मी ऑफिसात असताना, आईकडे. ग्रुप नाही, नाव नाही, अजेंडा नाही. सुभद्राला विचारलं, रामूचा फोन आला? ती आईकडे बघून म्हणाली, तुमच्या घरचो चाय बरो असता, भाऊजी. कोळंबीच्या गप्पांतही कुणी मला घेतलं नाही.

बायका गच्चीवर गेल्या. उन्हाळ्याचे पापड लाटायला. वाळवायला अंथरायचं काय, तर आईने माझा फ्लेक्स नेला होता. उलटा अंथरला असेल असं वाटलं. सुलटाच होता. ‘हार्दिक स्वागत’वर उडदाचे, मनालीच्या टोपीवर पोह्यांचे. माझ्या तोंडावर मिरगुंडं.

त्यांना कुणी एकत्र आणलं हे एक दिवस त्यांच्या लक्षात येईल.

मंगळवार, १४ एप्रिल

जय भीम.

दरवर्षी आई आणि मी बरोबर चैत्यभूमीला जातो. आज सकाळी उठलो तर आई तयार. पांढरी साडी, खांद्याला पिशवी. म्हणाली, तू राहू दे, गर्दीत तुला त्रास होतो. मला गर्दीचा काडीचा त्रास होत नाही, गर्दी हे माझं प्रोफेशन आहे. पण गेली. खाली अक्षदा उभी होती तिला न्यायला.

मी गॅलरीतून मिरवणुका बघितल्या. डीजेमुळे काचा थरथरत होत्या. खालच्या कमानीवर आता कुणा दुसऱ्याचा बॅनर आहे.

आई संध्याकाळी उशिरा आली. डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, धूळ फार होती.

बुधवार, १५ एप्रिल

सकाळी चहाची पत्ती शोधताना फडताळात डबा सापडला. अक्रोड. पातळ कवचाचे, हाताने फुटणारे. दादर मार्केटमध्ये असले मिळत नाहीत.

गच्चीवर गेलो. आई पापड उलटत होती. विचारलं, हे कुठून आले?

आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग सांगितलं. मनाली शनिवारपासून मुंबईतच होती. जबाब द्यायला बोलावलं होतं, कुलाब्याला. काल चैत्यभूमीवर दोघींनी दर्शन घेतलं, मग चौपाटीवर बसल्या, बराच वेळ. अक्षदाने जेवणाचा डबा आणला होता. काल रात्रीच मनाली परत गेली.

मी म्हटलं, आई, मी इथे नायगावात होतो. दोन स्टॉपवर. मला सांगितलं का नाही?

आई म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू ढोल लावले असतेस.

हे साफ खोटं आहे. ढोल नाही. मी फक्त एक हार घेतला असता, आणि फार तर लाइव्ह केलं असतं.

मग विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का ती? आई म्हणाली, विचारत होती, वेळेवर जेवतो का म्हणून. विचारताना रडली. मी विचारलं, काम परत देणार का तिला? आई म्हणाली, ते तीही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

एक पापड वाऱ्याने उडाला, मी पळत जाऊन पकडला, परत फ्लेक्सवर ठेवला. मनालीचा चेहरा तेवढा मोकळा होता, तिथे कुणीच पापड घातला नव्हता.

मी विचारलं, आता कुठे पाठवलंय तिला?

आईने मान वर केली नाही. म्हणाली, छप्पन्न एपीओ.